कारभारीची गार गाडी

मी सांगतो तशी एक गाडी डोळ्यांसमोर आणा. पांढरी, गोल पाठीची, पोट सुटलेल्या शेटजीसारखी ऐसपैस अँबॅसिडर. महिना मे. दुपारचं ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय. त्या गाडीच्या मागच्या सीटवर तुम्ही बसला आहात आणि तुम्ही आहात नवरदेव. हसू नका, नीट बसा. अंगात जाड सूट, डोक्यावर करकचून बांधलेला फेटा, कपाळावर मुंडावळ्या. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला करवली आणि तिच्या मांडीवर कुणाचं तरी लहान पोर. चारही काचा बंद. आणि तरी तुम्हाला घाम नाही. पुढून गार वारा येतोय, माठात हात घातल्यासारखा. मागच्या टेम्पोत उभं असलेलं वऱ्हाड भाजून निघालंय आणि तुम्ही आत मजेत.

आता समजा, अर्ध्या वाटेत तो वारा कोमट झाला. मग गरम झाला. तुम्ही काय म्हणाल? कोल्हारच्या पुलावर त्या दिवशीचा नवरदेव म्हणाला तेच. फेटा सावरत, अवघडून तो म्हणाला, "कारभारीभाऊ, काच जरा खाली करू का?"

बोलणं एवढंच. पण गाडी चालवणाऱ्या कारभारीला ते कानाखाली बसल्यासारखं लागलं.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या वर्षांतली. तेव्हा राहुरीच्या बाजूला एसीची गाडी दिसली की पोरं मागे पळायची. लग्नाला भाड्याने मिळणारी एसी गाडी तर एकच होती, कारभारीची. साखर कारखान्यावर साहेबांची जीप चालवायची कायमची नोकरी सोडून त्याने ही जुनी गाडी घेतली, पुण्याला नेऊन तिला एसी बसवला, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतलं आणि लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला लागला. नोकरी सोडली म्हणून ज्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं, तेच पुढे आपल्या घरच्या लग्नाला गाडी मागायला आले. लोकांनी तिचं नावच पाडलं, गार गाडी.

गाडी सजवायची ती त्याची मुलगी रश्मी. पाचवीत गेलेली, दोन वेण्या, हातात सतत काहीतरी खटपट. फुलवाल्याने बांधलेले हार नगर यायच्या आत रस्त्यावर गळायचे. रश्मीने बांधलेला हार मात्र वारा लागो, नाहीतर नाचणाऱ्यांचा धक्का लागो, जागचा हलायचा नाही. कारभारी ऐटीत सांगायचा, "आमच्या रश्मीचं काम हाय ते. गाडी मोडंल, हार पडायचा न्हाई."

सगळं छान चाललं होतं. आणि या लग्नसराईत काय झालं कुणास ठाऊक, गाडी गार राहीना. गॅस भरून आणावा, दोनचार लग्नं धड व्हावीत, की पुन्हा गरम. पुन्हा भरावा, पुन्हा गरम. पारावर बसलेली माणसं त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "नवरदेवाला इस्त्री करायची असंल तर कारभारीची गाडी सांगा रे!" कारभारी दात खाऊन पुढे जायचा.

त्यातच भिमाजीतात्यांच्या मुलाचं लग्न आलं. राहुरीहून थेट मिरजगावला, म्हणजे नगर ओलांडून सोलापूरच्या रस्त्याने चांगला लांबचा पल्ला, तोही भर उन्हात. तात्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच कारभारीला गाठलं.

"कारभारी, लोक कायबाय बोलत्यात. मी कानावर घेतलं न्हाई. पन उद्या माझ्या पोराला घाम फुटला, तर आमच्या भावकीत पुन्हा तुझी गाडी लागायची न्हाई. आन आमची भावकी केवढी हाय ते तुला ठाव हाय."

ठाऊक होतं. अर्धी राहुरी तात्यांची भावकी होती. त्यांनी पाठ फिरवली तर गार गाडीला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं, आणि कारखान्याच्या जीपवर आता दुसरा ड्रायव्हर होता.

कारभारीने तशीच गाडी काढली. शाळेला सुट्टी म्हणून रश्मीही पुढच्या सीटवर चढून बसली. दोघं कोल्हारला कानिफनाथच्या वर्कशॉपवर पोचले तेव्हा कानिफनाथ दूध डेअरीच्या थंड टाकीत कंबरेपर्यंत शिरला होता. फ्रीज, डेअरीच्या टाक्या, बर्फाची मशिनं, गाड्यांचे एसी, गार करणारं जे जे म्हणून असेल ते सगळं त्या भागात त्याच्याकडेच यायचं. आणि त्याचं स्वतःचं डोकं कायम तापलेलं.

अँबॅसिडरचा आवाज ओळखून तो टाकीच्या आतूनच ओरडला, "आली का गॅस पिनारी म्हस?"

"चेष्टा पुरं कर, कानिफ," कारभारी म्हणाला. "गॅस संपलाय. भर लवकर. उद्या लगीन हाय."

कानिफनाथ बाहेर आला. हात पुसले. कारभारीकडे असा पाहत राहिला, जसा मास्तर तेच गणित पुन्हा चुकवणाऱ्या पोराकडे पाहतो.

"संपला? संपतो कसा? पेट्रोल हाय का ते? का तुझ्या बायकूच्या शेगडीचा सिलिंडर हाय?"

"मागच्या बारीला भरला, आता न्हाई. मंजे संपलाच की."

"अरे देवा!" कानिफनाथने कपाळावर हात मारला. "सगळे येत्यात आन हेच म्हनत्यात. संपला, भर. संपला, भर. रश्मे, इकडं ये. तुझ्या बापाला सांगून माझं तोंड दुखलं, आता तुला सांगतो. रहाट बघितलास कधी? विहिरीवरचा?"

"बघितलाय. मामाच्या गावाला."

"त्याला पोहरे असत्यात, माळंसारखे. खाली जात्यात, पानी घेत्यात, वर येऊन वतत्यात, परत खाली. दिसभर रहाट चालला तर पोहरे संपत्यात का?"

"न्हाई. पानी उपसतं. पोहरे तेच राहत्यात."

"शाब्बास! गाडीतला गॅस मंजे ते पोहरे. गाडीतली गरमी उचलायची, भाईर नेऊन टाकायची, परत आत यायचं. तोच गॅस, गोल गोल. वर्सानुवर्सं. त्यो कुनी पीत न्हाई, जाळत न्हाई. पोहरे कमी झाले तर काय समजायचं?"

"माळ तुटली कुठंतरी."

"ऐकलंस?" कानिफनाथ कारभारीकडे वळला. "पोरीला कळलं. तुझ्या गाडीला कुठंतरी भोक हाय."

"भोक गाडीला न्हाई, तुझ्या मापाला हाय!" कारभारीचाही तोल गेला. "तूच अर्धा गॅस भरतोस. लोक मला हसत्यात. आन भोक हुतं तर दोनदा भरलास तवा का न्हाई बोलला?"

कानिफनाथने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "बोललो हुतो. तू म्हनाला, नवरदेव गाडीत बसलाय, आधी भर. वऱ्हाडी माझ्या दारात हारन वाजवीत हुते. मी बी वैतागलो आन भरला. चुकलंच माझं. म्हनून आज भरनार न्हाई. आधी भोक सापडू दे."

"आरं, उद्या सकाळी लगीन हाय!"

"म्हनूनच."

कारभारी रागाने जाऊन चिंचेखाली बसला, लगेच उठून आला, पुन्हा जाऊन बसला. कानिफनाथने थोडा गॅस आत सोडला, कारण आतून काही बाहेर येऊ पाहत असेल तरच भोक दिसतं. मग एका वाटीत साबणाचा दाट फेस केला आणि ब्रशने एकेका नळीला, एकेका सांध्याला लावत सुटला. सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यावर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात ना, त्यातलाच हा प्रकार. एवढी मोठी गाडी पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून फेस.

इंजिनाजवळचा सांधा पाहिला. काही नाही. डॅशबोर्डखाली उताणं पडून पाहिलं. काही नाही. कानिफनाथच्या डोळ्यांत फेस गेला. त्याने डेअरीवाल्याला, कारभारीला आणि एसीचा शोध लावणाऱ्याला एकाच दमात शिव्या दिल्या. कारभारी दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा, "सापडलं?" आणि कानिफनाथ म्हणायचा, "सापडलं असतं तर मी नाचलो असतो की!"

"उद्या तात्यांना काय साबनाचा फेस दावू का?"

"दाव. निदान दाढी तरी करतील."

अंगावरचा शर्ट पिळून निघेल इतका घाम आला तेव्हा कानिफनाथ गाडीच्या पुढे आला. म्हणाला, "आता एकच जागा राह्यली." त्याने गाडीच्या तोंडावरच्या चकचकीत पट्ट्या स्क्रू काढून उतरवल्या. त्यांच्या मागे बारीक पत्र्याची एक जाळी होती आणि त्या जाळीतून तांब्याची नळी मागेपुढे वळत गेलेली. गॅसने आतून उचलून आणलेली गरमी याच नळीतून बाहेरच्या वाऱ्यात जाते. म्हणून ती सगळ्यांत पुढे, वारा लागेल अशी बसवलेली असते.

पण जाळीत वाऱ्याला जागाच नव्हती. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या तिथे अडकून बसल्या होत्या. कानिफनाथ त्या चिमटीने उपसू लागला. "गाडी हाय का देव्हारा? कारभारी, हे निर्माल्य कधी काढतोस का न्हाई?"

मग त्याचा हात थांबला. पाकळ्यांच्या खाली तार होती. बांधकामावर सळया बांधायला वापरतात तसली काळी तार, जाळीतून ओवून, नळीच्या वळणाभोवती घेऊन, चांगली पीळ देऊन घट्ट केलेली. पलीकडे आणखी एक तुकडा. खाली तिसरा, अर्धा तुटलेला. कानिफनाथने तिथे फेस लावला आणि वाकून पाहत राहिला. मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुगला, फुटला, परत फुगला.

"कारभारी," तो हळूच म्हणाला, "ये. बघ तुझी म्हस कुठनं गॅस सांडती ती."

गाडी धावली की थरथरते. थरथरली की तार नळीवर घासते. प्रत्येक लग्नात घासत घासत त्या तारेने तांब्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं होतं.

कारभारीच्या डोक्यात तिडीक गेली. "कुनी घातली ही तार? त्या फुलवाल्यानंच! मला वाटलंच हुतं. आपल्याकडनं काम गेलं म्हनून दावा साधतोय. आत्ता जातो राहुरीला आन त्याच्या गळ्यातच बांधतो ही..."

"पप्पा," रश्मी म्हणाली. "फुलवाल्यानं न्हाई. मी बांधली."

कारभारी वळला.

"भाईरच्या पट्टीला दोरा घसरतो," ती सांगू लागली. आवाज बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. "आत जाळी दिसली. तिला तार ओवली आन पकडीनं पीळ दिला की हार हलत न्हाई. काढताना मधी कापायची. आतला तुकडा निघत न्हाई, त्यो ऱ्हातो. मला वाटलं, ती जाळी नुसती माशा आत जाऊ नयेत म्हनून असंल."

फुलवाल्यासाठी जमवलेला सगळा राग तोंडात तसाच होता आणि समोर फुलवाला नव्हता. चारचौघांत ज्या हारांचं कौतुक सांगत तो हिंडला होता, त्या प्रत्येक हाराने त्याच्या पोटावर पाय दिला होता. आणि बांधणारी त्याची पोर होती.

शेवटी तो एवढंच म्हणाला, "उद्यापासनं गाडीला हात लावायचा न्हाई. कळलं?"

रश्मीने दोन्ही हात मागे घेतले.

"तिला कशाला बोलतोस?" कानिफनाथ म्हणाला. "ती जाळी कसली हे तिला तू सांगितलंस का मी? मी दोनदा गॅस भरला, पुढच्या पट्ट्या काढून बघितल्या न्हाईत. तू जन्मभर गाडी चालवतोस, कधी वाकून बघितलं न्हाईस. तिनं निदान बघितलं तरी."

आता भांडायला वेळ नव्हता. कानिफनाथने तारेचे तुकडे एकेक करून सोडवले. भोक डागून बुजवलं, पुन्हा फेस लावून खात्री केली. मग पंप लावून नळ्यांतली सगळी हवा आणि ओल बाहेर ओढली. हे काम धीराचं असतं, घाई केली की राहिलेली ओल पुढे बर्फ होऊन वाट अडवते. पंप घरघरत राहिला आणि कारभारी त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहिला.

"आन ऐक," सिलिंडर जोडता जोडता कानिफनाथ बजावू लागला, "ह्यो गॅस असा हवेत सोडायचा न्हाई आता. आभाळात लई वर जाऊन तिथली ओझोनची चादर झिजवतो म्हनत्यात, उन्हातला वाईट भाग अडवनारी. म्हनून ह्यो बंद करून दुसरा आननार हायेत. तू या लग्नसराईत आभाळाला किती गॅस पाजलास, इचार कर."

"तुझ्या आभाळाचं नंतर बघू. गाडी गार कर."

इंजिन सुरू झालं. बॉनेटखाली एका डबीवर बोटाच्या नखाएवढी काच असते, तिच्यातून आतला गॅस वाहताना दिसतो. कानिफनाथने रश्मीला हाक मारली. आधी त्या काचेत बुडबुड्यांची नुसती धांदल होती. मग ते विरळ झाले, मग एखाददुसरा, आणि मग काच स्वच्छ झाली. रश्मी कमरेत वाकून, डोळा अगदी जवळ नेऊन पाहत होती. हात मात्र पाठीमागे घट्ट धरलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या दारात कारभारीने स्वतः हार बांधले. सुतळीने, बंपरला. एक बाजू वर गेली, दुसरी लोंबली. भिमाजीतात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ही नवरदेवाची गाडी हाय का बैलाची झूल? रश्मी कुठं गेली?"

रश्मी पुढच्या सीटवर बसली होती. ती समोर पाहत राहिली. कारभारी म्हणाला, "तात्या, दिसन्याचं जाऊ द्या. आत बसून बघा."

नगर गेलं, ऊन चढलं, टेम्पोतल्या बायकांनी डोक्यावर ओले टॉवेल घेतले. कारभारीचा एक हात सगळ्या वाटेत एसीच्या झडपेपुढे होता. वारा गार. पुढचं गाव गेलं, गार. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, आता कोमट होणार. नाही झाला. मिरजगावच्या वेशीत गाडी शिरली तेव्हा मागून नवरदेव म्हणाला, "कारभारीभाऊ, जरा कमी करा की. दात वाजायला लागले."

असा आनंद कारभारीला कैक दिवसांत झाला नव्हता. अक्षता पडल्या, पंगत बसली. तात्यांनी त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझं पोरगं गारठलं!" कारभारीने बुंदी वाढून घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात त्याची नजर मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे गेली आणि घास तोंडातच राहिला.

त्या बाजूला रीत अशी, की जाताना नवरीची पाठवणी ज्या गाडीतून व्हायची, ती गाडी मुलीकडचे आपल्या हाताने नव्याने सजवतात. नवरीचा भाऊ अजिनाथ झेंडूचा हातभर जाड हार घेऊन आला होता. त्याच्या दुसऱ्या हातात काळ्या तारेचं भेंडोळं होतं. आणि त्याच्यासमोर, गाडीच्या तोंडाकडे पाठ करून, पण अंग जरासुद्धा टेकू न देता, रश्मी उभी होती.

"आता हिला काय झालं!" कारभारी चरफडला. "मुलीकडच्यांशी भांडन! आज! पानी द्या रे हातावर..." ताट सोडून तो उठला. पंगतीतून वाट काढत, कुणाच्या पत्रावळीवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत तो निघाला, तोवर बोलणं त्याच्या कानावर आलं.

"सर की गं बाजूला," अजिनाथ म्हणत होता. "आमच्या ताईची गाडी सजवायची हाय."

"सजवा. पन इथं तार लावायची न्हाई, मामा."

"का? गाडी तुझी हाय का?"

"पप्पांची हाय. मला तर हात लावायला बी बंदी हाय. आन तुमी तर तारच घेऊन आलात."

भोवतीची माणसं हसली. अजिनाथ चिडला. "मग जा, बोलाव तुझ्या पप्पांना."

"पप्पा जेवत्यात. दोन दिस झाले, धड जेवले न्हाईत. तुमी वाका. वाका की! त्या पट्टीतनं आत बघा. तांब्याची नळी दिसती? गाडीतली गरमी तिच्यातनं भाईर पडती. तिला तार घासली की भोक पडतं, गॅस जातो, मग तुमची ताई नळाखाली उभं राह्यल्यावानी घामानं भिजंल. भोक मीच पाडलं हुतं. म्हनून मला म्हाईत."

अजिनाथ गुडघ्यावर बसला आणि पट्ट्यांतून आत पाहू लागला. "खरंच की," तो म्हणाला. "पन मग एवढा हार बांधायचा कशानं? नुसत्या सुतळीनं लोंबतोय बघ तो आधीचा."

रश्मीने मान वर केली तेव्हा तिला बाप दिसला. हात ओले, ओठाला बुंदी चिकटलेली, श्वास लागलेला. मग त्याने खाली लोंबणाऱ्या आपल्या हाराकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाला, "बघत काय बसलीस? कर की नीट."

रश्मीने अजिनाथच्या हातातलं तारेचं भेंडोळं काढून बापाच्या हातात दिलं. मग आपल्या दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी ओढून सोडल्या, केस तोंडावर आले ते कानामागे सारले, आणि खाली मांडी घालून, जाळीपासून वीतभर दूर, बंपरला त्या रिबिनीची पहिली गाठ मारायला घेतली.